डोळा लवतो तेव्हा

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, बाईचा डावा. हा शकुन आजही मराठी घरांत सहज बोलला जातो. त्याची शास्त्रग्रंथांतली मुळे ज्यांनी नोंदवली ते भारतरत्न पां. वा. काणे रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामला झाला आणि शालेय शिक्षण दापोलीत.

त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. शेवटच्या खंडात शकुन आणि शांतिकर्मे यांचा विचार करताना काणे अंगस्फुरणाकडेही वळतात. कोणते अंग स्फुरले की कोणते फळ, हे मत्स्यपुराणात ओळीने सांगितले आहे.

काव्यांनीही हा समज उचलला. वाल्मीकींच्या अशोकवनात सीतेचा डावा डोळा लवतो आणि लवकरच हनुमान रामाचा निरोप घेऊन येतो. कालिदासाच्या शकुंतलेचा उजवा डोळा लवतो तो दुष्यंताच्या दरबारात, आणि राजा तिला ओळखतच नाही.

खरे तर लवते ती पापणी. तिच्याभोवतालच्या स्नायूचे काही तंतू आपोआप आखडतात. जागरण, ताण, चहा-कॉफीचा अतिरेक ही नेहमीची कारणे, आणि बहुतेकदा काही दिवसांत ते आपणच थांबते. मात्र झटके गालापर्यंत, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरू लागले, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूवर मेंदूच्या देठापाशी एखादी रक्तवाहिनी दाब देत असू शकते.

बुबुळच थरथरू लागले, तर गोष्ट वेगळी. या विकाराला निस्टॅग्मस म्हणतात. तो काहींना जन्मापासून असतो. मोठेपणी सुरू झाला तर आतला कान, लहान मेंदू, मेंदूचा देठ किंवा फिट्सवरचे एखादे औषध यांत कारण शोधावे लागते.

नजरेच्या हालचालीवरून मेंदूतला बिघाड ओळखण्याचे मोठे काम मुंबईत झाले. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतल्या एका आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. या रुग्णांचा चालताना तोल जाई. त्यांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे चटकन न जाता संथपणे सरके. आज तोलाच्या अशा आजारांत डॉक्टर नजरेचा वेग आवर्जून तपासतात.

म्हणून डोळा लवला तर उजवा की डावा, हे पाहत बसू नये. आधी झोप पुरी करावी. पण लवणे आठवड्यांमागून आठवडे टिकले, गालापर्यंत पसरले किंवा बुबुळ हलू लागले, तर डॉक्टरांना दाखवावे. बुबुळ हलण्यासोबत एकाएकी तोल गेला, दुहेरी दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.