'फेबियन' म्हणजे भित्रा नव्हे

आजचं विशेषण आहे 'फेबियन'. शब्दकोशात अर्थ सापडतो: सावध, समोरासमोरची लढाई टाळणारा, वेळकाढू. लोक 'वेळकाढू'पाशी थांबतात आणि एखाद्या ढिल्या साहेबाला फेबियन म्हणून मोकळे होतात. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, त्याच्यावर हा अन्याय आहे.

इसवी सनापूर्वी 217. कार्थेजचा हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरलेला. ट्रासिमेनो सरोवराकाठी धुक्यात दबा धरून त्याने रोमन फौज कापून काढली. कॉन्सल फ्लॅमिनियसही तिथेच पडला. हादरलेल्या रोमने फेबियस मॅक्सिमसला सहा महिन्यांसाठी सर्वाधिकारी नेमलं.

फेबियसचा हिशेब साधा होता. हॅनिबलचं घोडदळ सपाटीवर भारी, म्हणून आपण डोंगर सोडायचा नाही. त्याची कुमक समुद्रापलीकडे, आपली घरची. पाठीवर राहायचं, अंगावर जायचं नाही. दाणावैरणीला बाहेर पडलेल्या टोळ्या तेवढ्या टिपायच्या. (पालखेडला 1728 मध्ये पहिल्या बाजीरावांनीही निजामाची रसद तोडूनच त्याला जेरीला आणलं, पण बाजीरावांचं हत्यार वेग, फेबियसचं संयम.)

फौजेत उमर काढलेला माणूस म्हणून सांगतो, हल्ल्याचा हुकूम देणं सोपं. डोळ्यांदेखत गावं जळत असताना जवानांना थोपवून धरणं महाकठीण. रोमने फेबियसला 'कंक्टेटर', म्हणजे दिरंगाई करणारा, असं हिणवलं. हॅनिबल बेरकी. त्याने आसपासची शेतं जाळली आणि फेबियसची तेवढी राखली, लोकांना संशय यावा म्हणून. फेबियसने ती जमीन विकली आणि त्या पैशातून युद्धकैदी सोडवले.

त्याची मुदत संपली. पुढच्याच वर्षी रोमने कॅनीच्या मैदानात थेट झुंज घेतली. रोमन इतिहासकार लिव्ही त्या एका दिवसाच्या मृतांचा आकडा 50,000 च्या जवळपास देतो. मग रोम मुकाट्याने फेबियसच्या वाटेवर परतलं आणि 'कंक्टेटर' ही शिवी पदवी झाली.

1884 मध्ये लंडनच्या फेबियन सोसायटीने हेच नाव घेतलं. क्रांती नको, समाजवाद हळूहळू आणू, असं म्हणणारी ही मंडळी. बर्नार्ड शॉ, वेब दांपत्य, अ‍ॅनी बेझंट त्यांतलेच. डॉ. आंबेडकर शिकले ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स याच गोटातून उभी राहिली.

मात्र हा डाव हरू देत नाही, जिंकूनही देत नाही. तरुण सिपिओने थेट आफ्रिकेवर स्वारीचा बेत मांडला, तेव्हा म्हाताऱ्या फेबियसने कडाडून विरोध केला. इसवी सनापूर्वी 203 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी झामाला सिपिओने हॅनिबलला हरवलं.