वस्ताद : वंशावळीत न लिहिलेले नाव

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दिवंगत ज्ञातिबांधवांची नामावली दरवर्षी प्रसिद्ध होते. नाव, गाव, वय, व्यवसाय आणि मागे राहिलेला परिवार, इतका मजकूर प्रत्येकाच्या वाट्यास येतो. गतवर्षीच्या नामावलीत आमच्या मंठ्याच्या घरातील एका वडीलधाऱ्या पुरुषाचा समावेश होता. नात्याने ते आमचे चुलत आजोबा. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' असे छापले होते. ही छापखान्याची चूक नव्हे. माहिती आम्हीच लिहून पाठविली होती.

अंक घरी आल्यावर काही दिवसांनी गावातील एक वृद्ध गृहस्थ भेटीस आले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, अंक मिटून ठेवला आणि म्हणाले, "शेती तर सारा गाव करतो. वस्ताद एवढेच लिहायचे होते." इतके बोलून ते चहा न घेताच उठले. त्यांचे बोल आम्हांस लागले, कारण ते खरे होते. ज्या पुरुषाने हयातभर पहाटे उठून गावच्या पोरांना जोर-बैठका घातल्या, त्याला आम्ही घरचे आजोबा म्हणून ओळखले. गावाचा वस्ताद म्हणून त्याची नोंद करण्याचे आम्हांस सुचले नाही. त्या चुकीचे परिमार्जन म्हणून हा लेख लिहीत आहो. मात्र तो केवळ आमच्या घरापुरता राहू नये, यासाठी मराठवाड्याच्या मातीत जन्मलेल्या एका थोर वस्तादाचा इतिहास येथे मुख्यत्वे सांगावयाचा आहे. आजोबांनाही हेच आवडले असते, असे आम्हांस वाटते.

'वस्ताद' हा शब्द फारशीतील 'उस्ताद' या शब्दाचे मराठी रूप होय; 'तालीम' हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'शिक्षण' असा आहे. मराठीने मात्र या शब्दाला छप्पर आणि भिंती दिल्या. आपल्याकडे तालीम म्हणजे शिकण्याची क्रिया आणि शिकण्याची वास्तू, दोन्ही. मध्ये तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यात मारुतीची मूर्ती, भिंतीशी करेला आणि मुद्गल. त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ राखावयाची, दररोज खणावयाची. माती कशी राखली आहे यावरून वस्तादाची पारख होते, असे जुने लोक म्हणत.

कुस्तीतील पहिला गुरू बहुधा घरचाच असतो. भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक कुस्तीपदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते आणि खाशाबांचे पहिले धडे घरातच झाले. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहेच. शिष्यासाठी स्वतःचे घर गहाण टाकणाऱ्यास केवळ शिक्षक म्हणावे की घरचा माणूस म्हणावे, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आता मराठवाड्याकडे वळू. आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीस राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. तसा आश्रय आपल्या भागास लाभला नाही. येथील कुस्ती जगली ती गावजत्रांच्या फडांवर आणि शेतकऱ्यांच्या हौसेवर. नारळावर पोरांच्या कुस्त्या सुरू व्हाव्यात आणि सांज होता होता मानाची कुस्ती लागावी, हाच आमचा राजाश्रय. ज्यास पुढे जावयाचे असे त्या मुलाने वळकटी उचलावी आणि कोल्हापूरची वाट धरावी, याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

हरिश्चंद्र बिराजदार हे याच वाटेने गेले. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. १९५० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला तेव्हा निलंगा हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात. आपले मंठाही असेच परभणी जिल्ह्यातून १९८१ साली नव्या जालना जिल्ह्यात आले. जिल्हे बदलत राहिले. तालमीला निघालेल्या पोराची वळकटी मात्र तशीच राहिली. बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत दाखल झाले आणि तेथील मातीत तयार झाले.

महाराष्ट्र केसरी या किताबाची स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. तिचा पहिला मान आपल्या औरंगाबादेस मिळाला होता आणि दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. पुढे आठ वर्षांनी, १९६९ साली, स्पर्धा लातूरला भरली आणि घरच्या माणसांसमोर हरिश्चंद्र बिराजदार यांनी तो किताब पटकावला. आमचे आजोबा ती स्पर्धा पाहण्यासाठी गेले होते. ती हकीकत त्यांनी आम्हांस इतक्या वेळा सांगितली की घरातील लहान मुलेही पुढचे वाक्य आधीच म्हणत. परंतु तीत एक गोष्ट विशेष होती. ते कुस्तीचे वर्णन थोडक्यात उरकीत आणि नंतर सांगत, की गर्दी विजयी मल्लाकडे पाहत होती तेव्हा आपण आखाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या वस्तादांकडे पाहत होतो. तेथून परतल्यावरच त्यांनी गावातील पडक्या तालमीचा हौद पुन्हा खणला.

१९७० साली एडिनबर्ग येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत बिराजदारांनी सुवर्णपदक मिळविले. १९७७ साली बेळगावात त्यांची गाठ दिल्लीच्या सतपाल यांच्याशी पडली. सतपाल हे गुरू हनुमान यांचे पट्टशिष्य, उंचेपुरे, ऐन उमेदीतले; पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणारे तेच. त्या कुस्तीत बिराजदार विजयी झाले आणि त्या दिवसाची आठवण जुने शौकीन आजही काढतात.

इतिहासकाराने येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. बेळगावच्या त्या मैदानात समोरासमोर उभे ठाकलेले दोघेही मल्ल पुढे वस्ताद झाले. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये शिष्य घडविले. २००८ आणि २०१२ या दोन ऑलिंपिकमध्ये पदके जिंकणारे सुशीलकुमार हे त्यांपैकी एक. बिराजदारांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत आपले आसन मांडले आणि मराठवाड्यातून येणाऱ्या मुलांना तेथे हक्काचे घर मिळाले. त्या एका कुस्तीचा निकाल त्याच दिवशी लागला. परंतु त्या दोन मल्लांचे खरे कार्य त्यानंतरच सुरू झाले. २००६ साली बिराजदारांना केंद्र सरकारचा ध्यानचंद पुरस्कार मिळाला.

तालमीतील वस्तादाचे काम केवळ डाव शिकविण्याचे नसते. दहा-बारा वर्षांचे पोर बाप आणून सोडतो आणि मागे वळून न पाहता एस.टी.त बसतो. त्या रात्री पोर रडते. त्याला पहाटे उठविणारा, त्याच्या जोर-बैठकांचा आकडा हळूहळू चढविणारा, त्याने दूध प्यायले की नाही आणि बदाम वाटले की नाही हे पाहणारा, गावाकडून खुराकाचे पैसे आले नाहीत तर ती गोष्ट इतरांच्या कानी न जाऊ देणारा तो वस्ताद. कोणाची जोड कोणाशी लावावी, हे त्यालाच ठरवावे लागते. कोवळ्या पोरास लवकर मोठ्या कुस्तीत उतरविले तर तो खचतो. फार काळ राखले तर त्याची धार जाते. हे तारतम्य पुस्तकात सापडत नाही. शिवाय बिराजदारांच्या पिढीवर आणखी एक भार पडला. ते स्वतः मातीत वाढले, तेथे चीतपट झाल्याखेरीज कुस्ती संपत नसे. त्यांच्या शिष्यांना मात्र गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत, गुणांच्या हिशेबाने लढावयाचे होते. मातीची मुळे न तोडता पोरांना गादीवर उभे करणे, हे त्या पिढीच्या वस्तादांचे मोठे कार्य होय.

त्यांच्या शिष्यांपैकी काका पवार हे लातूर भागातले. आंतरराष्ट्रीय मल्ल म्हणून त्यांनी नाव मिळविले, अर्जुन पुरस्काराचे ते मानकरी झाले आणि पुढे पुण्यात स्वतःचे कुस्ती संकुल उभारून तेही वस्ताद झाले. दुसरे शिष्य राहुल आवारे, बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे. त्यांचे वडीलही मल्ल. घरी पहिले धडे झाल्यावर मुलगा बिराजदारांच्या हाती सोपविला गेला. २०११ साली राहुल यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात हरिश्चंद्र बिराजदार यांचे निधन झाले.

ज्या मुलाने वस्तादाच्या शब्दावर आपले बालपण वाहिले, त्याच्या दृष्टीने हे मरण म्हणजे घरचा आधार जाणे होय. परंतु तालमीची रीत अशी, की दुःख झाले तरी दुसऱ्या दिवशी हौद खणावाच लागतो. राहुल यांना काका पवारांनी आपल्या हाताखाली घेतले. वडील गेल्यावर थोरल्या भावाने धाकट्यास सांभाळावे, तसे हे झाले. मध्यंतरीच्या काळात संधी हुकल्या, दुखापती झाल्या, वर्षे गेली. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धांत ५७ किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत राहुल आवारे यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांचा १५–७ असा पराभव केला. एडिनबर्गच्या त्या सुवर्णपदकानंतर ४८ वर्षांनी वस्तादाच्या शिष्याच्या गळ्यात राष्ट्रकुलचे सुवर्ण पडले. राहुल यांनी ते आपल्या दिवंगत वस्तादांच्या चरणी अर्पण केले. पुढच्याच वर्षी त्यांनी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळविले.

या कथेस आणखी एक गोड पदर आहे. राहुल आवारे हे पुढे काका पवारांचे जावई झाले. एका वस्तादाच्या दोन शिष्यांची घरे अशी सोयरिकीने जोडली गेली. तालमीतील नाते हे रक्ताच्या नात्यासारखेच असते, असे आपण नुसते म्हणतो. येथे तर ते नाते प्रत्यक्ष वंशावळीत शिरले. ज्यांच्या हाताखाली हे दोघे घडले, ते वस्ताद मात्र तो मंगल दिवस पाहण्यास राहिले नव्हते.

दिल्लीचे गुरू हनुमान आजन्म अविवाहित राहिले. शिष्यपरिवार हाच त्यांचा संसार. १९९९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांना पोटचा वारस नव्हता, पण त्यांचे नाव सांगणारे मल्ल गावोगाव होते. आपल्याकडे पितृपक्षात तर्पण करताना आप्तेष्टांबरोबर गुरूचेही नाव घेण्याची चाल आहे. शास्त्राने गुरूस घरच्या माणसांत बसविले आहे. आम्हीच छापील नामावलीतून त्यास वगळीत आलो.

आमचे आजोबा बिराजदारांसारखे थोर नव्हते. त्यांच्या शिष्यांपैकी कोणी महाराष्ट्र केसरी झाला नाही. काही पोलिसात गेले, काही सैन्यात, बहुतेक शेतीत राहिले. पण त्यांच्या अंत्ययात्रेस जे आले, त्यांत निम्म्याहून अधिक माणसे आपल्या ज्ञातीची नव्हती, आणि खांदा देण्यासाठी पुढे सरसावलेल्या माणसांत आम्हा घरच्यांनाच जागा मिळविणे कठीण झाले. त्या दिवशी आम्हांस त्याचा किंचित रागही आला होता, हे येथे कबूल करतो. आज कळते, की तेही घरचेच होते. हौदातील माती सर्वांच्या अंगास सारखीच लागते. ती झटकताना कोणाची कोणती, हे निवडता येत नाही.

म्हणून संस्थेच्या चालकांस आमची नम्र सूचना आहे. दिवंगतांच्या नामावलीत 'परिवार' या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : यांनी कोणास काय शिकविले. कोणी तालमीत डाव शिकविले असतील, कोणी भजनात पखवाज, कोणी चुलीपाशी बसून सुनेस पुरणपोळी. मंठा, परतूर, जिंतूर या आपल्या भागात ज्या जुन्या तालमी आज ओस पडल्या आहेत, त्यांच्या वस्तादांची नावे अजून काही वृद्धांच्या मुखी आहेत. ती माणसे गेली की नावेही जातील. आपापल्या घरी विचारा, लिहून काढा आणि पुढील अंकासाठी पाठवा.

गतवर्षीच्या नामावलीतील आमच्या घरच्या नोंदीत वाचकांनी कृपया पुढीलप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी. व्यवसाय : शेती, आणि मंठा येथील तालमीचे वस्ताद. परिवार : दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडे, आणि त्यांनी घडविलेले सर्व शिष्य.