टाकळघाटची वाट

धानोऱ्याला बाहेरचे पाहुणे नवे नाहीत. गडचिरोलीहून येणाऱ्या रस्त्यावरील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि अभ्यासक, पत्रकार, सहलीचे विद्यार्थी यांची ये-जा वाढली. कामासाठी आलेली मंडळी बहुधा एखादा दिवस 'परिसर पाहून घेऊ' म्हणून राखून ठेवतात. कामाचा अहवाल लिहिला जातो, त्या राखीव दिवसाचा सहसा लिहिला जात नाही. धर्मप्रसारासाठी परमुलखात गेलेल्या मंडळींच्या बाबतीतही हेच घडते. किती प्रवचने झाली, किती शाळा निघाल्या, याचे हिशेब मिळतात. ते काय पाहायला गेले होते, हे कोणी विचारत नाही. विदर्भाच्या इतिहासात मात्र असा एक दिवस आहे, की ज्याची आठवण टाळता येत नाही. तो दिवस म्हणजे ४ सप्टेंबर १८६३.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८१७ साली जन्मलेले हे गृहस्थ १८४४ च्या अखेरीस हिंदुस्थानात उतरले आणि पुढच्याच वर्षी नागपुरास आले. नागपूर तेव्हा भोसल्यांचे होते. ते १८५४ मध्ये खालसा झाले. हिस्लॉपांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ मध्ये शाळा काढली. आज नागपुरात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, सुरू झाले. हिवाळ्यात ते गावोगाव दौरे करीत. त्यांच्या सामानात धर्मपुस्तकांबरोबर दगड फोडण्याची हातोडीही असे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कारण याच दौऱ्यांतून आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह केलेल्या भटकंतीतून नागपूर परिसराचे भूगर्भशास्त्र उभे राहिले. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडले. दक्षिणेकडील मांगलीच्या दगडांत मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे 'ब्रेकिऑप्स लॅटिसेप्स' असे नामकरण केले. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला.

आता त्या दिवसाकडे वळू. मध्य प्रांताचा कारभार त्या वेळी रिचर्ड टेंपल यांच्याकडे होता आणि त्यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेस बोरीला पडला होता. जवळच टाकळघाटला मोठमोठ्या दगडांची वर्तुळे आहेत. ती पाहावीत, उकरून त्यांत काय आहे ते शोधावे, असा बेत ठरला आणि हिस्लॉप टेंपल यांच्याबरोबर गेले. पाहणी झाली. बाकीची मंडळी मुक्कामाकडे परतली, हिस्लॉप मात्र तेथील शाळा पाहण्यासाठी मागे राहिले. घोड्यावरून एकटे परतताना पावसाने फुगलेला नाला आडवा आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

स्थलदर्शनाच्या हौसेपायी एक मिशनरी गेला, असे या घटनेचे वर्णन कोणी करील. पण ते अपुरे आहे. दगड पाहून ते इतरांबरोबर परतले असते, तर सुखरूप पोहोचले असते. त्यांना मागे ठेवले ते शाळेने. पाहणे आणि शिकवणे या दोन गोष्टी त्यांच्या आयुष्यात इतक्या एकमेकींत मिसळल्या होत्या, की एकाच दिवसातही त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

त्यांच्या पश्चात कागदांचे एक गाठोडे राहिले. मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीच्या या अपुऱ्या टिपणांचे संपादन टेंपल यांनी केले आणि १८६६ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे लिंगोचे गीत. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, लिंगोने त्यांना सोडवले आणि त्यांची कुळे लावून दिली, अशी ही कथा. परधानाच्या तोंडून ऐकून ती लिहून घेतली गेली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवीत ते देवांच्या आणि कुळांच्या कथा सांगतात. गोंडी शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ एकत्र छापणारे इतके विस्तृत पुस्तक त्या काळी दुर्मीळच म्हणावे लागेल.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. आमच्या वर्गांत बसणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरची भाषा गोंडी आहे. स्वतःच्या पूर्वजांची कथा त्यांना छापील रूपात शोधायची झाली, तर एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या ग्रंथापाशी जावे लागते. हिस्लॉप यांचे नाव महाविद्यालयाला लाभले, एका खनिजालाही लाभले. गाणाऱ्या परधानाचे नाव कोणाच्या ओठांवर नाही. शिवाय ऐकणाऱ्याने जे टिपले तेच गाणे होते काय, हाही प्रश्न उरतोच. छापील पाठावर महादेव-पार्वतीच्या हिंदू कथांचा रंग चढला आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तरीही ते टिपण झाले नसते तर तो पाठ आज आपल्या हाती नसता. ऋण आणि तक्रार या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतली एक लपवून दुसरी सांगणे हा इतिहास नव्हे.

पाहण्याची गोष्ट टाकळघाटलाही संपली नाही. सुमारे शंभर वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भातील ही वर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वीच्या लोहयुगीन माणसांची दफने असल्याचे आज आपण जाणतो. माहुरझरीसारख्या ठिकाणी मृतांसोबत घोडेही पुरलेले आढळले आहेत.

आणि लिंगोची गुहा? गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची विशाल गुहा आहे. कथेतली गुहा तीच, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरच्या प्रांतांतून हजारो लोक येतात. त्यांना कोणी वाटाड्या लागत नाही, आणि टिपणवहीही लागत नाही. हिस्लॉप यांच्या ग्रंथात जे गीत दस्तऐवज होऊन बसले, ते त्या चढणीवर पुन्हा चालू लागते. पाहुणा एका दिवसासाठी येतो, पाहतो, लिहितो आणि जातो. कधी जाता जाता नाल्यात बुडतो. ज्यांची ती जागा आहे, ते दर वर्षी परत येतात. आमच्या विद्यार्थ्यांनी टाकळघाटही पाहावे आणि कचारगडही. मात्र तिकडून आल्यावर पहिले टिपण त्यांनी गोंडीत लिहावे, आणि ज्याच्याकडून कथा ऐकली त्याचे नाव सर्वांत वर घालावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.