तंजावरच्या भिंतींवर कोणी काय लिहिलं

तंजावरच्या मोठ्या देवळात गेलेला मराठी माणूस काही गोष्टी हमखास करतो. आधी मान मागे टाकून गाभाऱ्यावरचं तेरा मजली विमान बघतो, नंदीसमोर फोटो काढून घेतो, आणि मग कोणीतरी सांगितलेलं आठवून आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे वळतो. तिथे भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसतात. सकाळपासून एकही पाटी वाचता न आलेल्या डोळ्यांना केवढा दिलासा! दोन मिनिटांत फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो. मजकूर मात्र सहसा कोणी वाचत नाही. तो आहेच तसा लांबलचक. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक, असं त्याच्याबद्दल सांगतात.

हा लेख म्हणजे भोसले घराण्याचा इतिहास. पूर्वजांपासून सुरुवात करून मालोजी, शहाजी, एकोजी अशा पिढ्या ओलांडत तो दुसऱ्या सरफोजींपर्यंत येतो. त्यांच्याच हुकमावरून तो १८०३ साली कोरला गेला. माझं अडतं ते या सालापाशी.

शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजी, म्हणजे व्यंकोजी, १६७५च्या सुमारास विजापूरचे सरदार म्हणून तंजावरात आले. नायकांच्या वारसाला गादीवर बसवायला आले आणि स्वतःच बसले. पुढची सव्वाशे वर्षं कावेरीच्या खोऱ्यातला हा सुपीक मुलूख भोसल्यांकडे राहिला. मधे १७७३ साली अर्काटच्या नवाबानं इंग्रज फौजेच्या जोरावर तो घेतला, तीन वर्षांनी परत मिळाला. सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. अमरसिंगाशी बराच काळ वारसाहक्काचा वाद चालला आणि अखेर कंपनीच्या पाठबळावर १७९८ साली ते गादीवर आले. त्या पाठबळाची किंमत वर्षभरातच वसूल झाली. ऑक्टोबर १७९९च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला, वर्षाला एक लाख पगोडे आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे हा लेख कोरला जात होता तेव्हा राज्य जाऊन चार वर्षं झाली होती.

सरफोजी हा काही रडत बसणारा माणूस नव्हता. सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह त्यांनी असा वाढवला की आज अभ्यासक जगभरातून तिथे येतात. मात्र याच राजानं १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला, तो इंग्रजांनी नेपोलियनचा पाडाव केला या आनंदात. ज्यांनी आपलं राज्य घेतलं त्यांच्या विजयाचा मनोरा! याला लाचारी म्हणायचं की व्यवहार, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण घराण्याचा इतिहास कागदावर न ठेवता, कंपनीचा महसूलखात्याचा कारकून जिथे हात लावणार नाही अशा जागी दगडात कोरण्यामागची घालमेल समजते.

आता थोडं उलट चालू. कोपरा सोडून मधल्या विमानाच्या जोत्यापाशी या. इथली अक्षरं आठशे वर्षं जुनी होती, तेव्हा सरफोजींचे पाथरवट कामाला लागले.

हे देऊळ पहिल्या राजराज चोळानं बांधलं. नाव ठेवलं राजराजेश्वरम्. बृहदीश्वर हे नाव मागाहूनचं, आणि तमिळ माणूस साधेपणानं पेरिय कोविल म्हणतो, मोठं देऊळ. राजराजाच्या कारकिर्दीच्या पंचविसाव्या वर्षी, २७५व्या दिवशी, शिखरावर चढवायचा सोन्यानं मढवलेला तांब्याचा कलश त्यानं देवाला दिला. साल १०१०. हे इतकं नेमकं कळतं, कारण ते लिहून ठेवलंय. राजराजाची आज्ञा होती की आपण जे दिलं, थोरल्या बहिणीनं, कुंदवैनं, जे दिलं, राण्यांनी आणि इतरांनी जे दिलं, ते सगळं दगडावर कोरा. मग सोनं कुठल्या वजनानं तोललं तेही आलं. त्या वजनाच्या दगडाला नटराजाचं नाव होतं, आडवल्लान. अखंड दिव्याचा हिशेबही आला. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, ज्या गवळ्याकडे सोपवल्या त्यानं रोज ठरलेलं तूप आणून द्यायचं.

हे सगळं औदार्य स्वच्छ नव्हतं. चेर आणि पांड्यांना हरवून आणलेली लूट दानात आहे, आणि ती लूट आहे हे लेख लपवत नाहीत, उलट मिरवतात. जिंकलेल्या श्रीलंकेतली गावंही देवळाच्या उत्पन्नाला लावली होती.

तरी मला सगळ्यात थांबवतो तो उत्तरेकडच्या प्राकारभिंतीवरचा लेख. राजराजानं ठिकठिकाणच्या देवळांतून ४०० नर्तकी इथे आणून वसवल्या. लेखात प्रत्येकीचं नाव आहे, ती कुठल्या देवळातून आली ते आहे, आणि तिचं घर कुठल्या रस्त्याला, कुठल्या रांगेत, कितवं तेही. प्रत्येकीला एक वाटा, म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. एखादी वारली किंवा परदेशी गेली तर वाटा जवळच्या नातलगाला, तो कामाचा नसेल तर त्यानं लायक माणूस नेमावा, असा नियमही आहे. पुढे मृदंगवाले, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, हिशेबनीस. या बायकांना इथे यायचं होतं का, हे कुणी विचारल्याची नोंद अर्थातच नाही. पण हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचा पत्ता आपल्याकडे आहे. आपल्या पणजीचं माहेरचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं?

आणि इतकं लिहूनही राजराज विसरला गेला. जुनी तमिळ लिपी लोकांना वाचता येईनाशी झाली, स्थळमाहात्म्यात करिकाल चोळाचं नाव जोडलं गेलं. १८८०च्या दशकात ऑयगेन हुल्ट्श या जर्मन लिपितज्ज्ञानं लेख वाचले, तेव्हा कुठे देऊळ बांधणाऱ्याचं नाव परत मिळालं. मधल्या काळात पांड्य आले, नायक आले, मराठे आले. अवाढव्य नंदी नायकांच्या काळातला मानतात. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत नायकांनी चोळांच्या चित्रांवरच आपली चित्रं काढली. खालची चोळ चित्रं दिसली ती थेट १९३१ साली.

सरफोजींच्या लेखाचं तसं झालं नाही. त्यांची लिपी आपल्याला वाचता येते, छापील पुस्तकही निघालंय. तिथे फक्त वाचायला कोणी थांबत नाही.

१८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजी वारले, औरस मुलगा नाही म्हणून कंपनीनं उरलंसुरलंही खालसा केलं. राजवाड्याच्या देवस्थानाकडे मात्र ८८ देवळं राहिली, हे मोठं देऊळ धरून. भोसल्यांचे वंशज आजही त्याचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये इथे कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणायचे की तमिळमध्ये यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, दोन्हींत म्हणा. त्या वादात मराठीचा प्रश्न कुणी काढला नाही. तशी गरजही नव्हती.

नैर्ऋत्य कोपऱ्यातला फोटो जरूर काढा. मग प्राकाराला अर्धा वळसा घालून उत्तरेच्या भिंतीकडेही जा. एक अक्षर कळणार नाही. जिथे 'नक्कन' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो त्या बायकांच्या नावांचा पहिला भाग आहे.