विनोदावरचा चरितार्थ : वऱ्हाडी हास्यलेखनाची परंपरा

विनोद लिहिणे ही कला असली, तरी त्यावर संसार चालविणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. वऱ्हाडात या दोहोंची गाठ छापील पानापेक्षा व्यासपीठावर अधिक घट्ट बसली. मराठी विनोदी लेखनाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१-१९३४) हे याच प्रांतातले. ‘सुदाम्याचे पोहे’ने त्यांना कीर्ती दिली, चरितार्थासाठी मात्र त्यांनी अकोला, खामगाव परिसरात वकिली केली.

कीर्तनाचा वारसा

व्यासपीठावरील विनोदाची मुळे कीर्तनात आहेत. गाडगेबाबा (१८७६-१९५६) श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच उत्तरांतून अंधश्रद्धेचे हसे करीत. तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम स्थापन केला आणि खंजिरी भजनाला प्रबोधनाचे बळ मिळाले. अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्यांच्या साथीने हुंडा, व्यसन व बुवाबाजीवर कोपरखळ्या मारतात. येथे विनोद हे साधन असते, साध्य नव्हे.

व्यवसायाचे स्वरूप

हास्यकवितेला मानधनाच्या कार्यक्रमाचे रूप देणाऱ्यांत डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २०२४ मध्ये निधन पावलेल्या या कवीची ‘मिर्झा एक्सप्रेस’ खेडोपाडी पोहोचली. शेतकऱ्याची ओढाताण आणि पुढाऱ्यांची आश्वासने हे त्यांचे हुकमी विषय होते.

रचनेचे तंत्र

हशा पिकविणारा शब्द वाक्याच्या अखेरीस यावा लागतो. त्यानंतर एक शब्द जास्त झाला तरी हशा विरतो. मराठी वाक्य सहसा क्रियापदाने संपते, म्हणून लेखकाला शब्दक्रम मुद्दाम फिरवावा लागतो. ‘काय करतोस?’ऐवजी ‘काय करून राह्यला?’ म्हणताच वऱ्हाडी श्रोता सैलावतो. खंजिरीची थाप तर आयता विराम देते. गावचे नाव, पीक, चालू भाव हे तपशील त्या-त्या ठिकाणी बदलले जातात. सांगाडा तोच राहतो. कोणत्या जागी हशा आला नाही, हे पाहूनच पुढच्या गावासाठी काटछाट होते.

बदललेले अर्थकारण

गावोगावच्या कार्यक्रमांत एकच संहिता वर्षानुवर्षे चालते. दूरचित्रवाणीवर तीच एका रात्रीत जुनी होते. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मधून अमरावती जिल्ह्यातील भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोली घरोघरी नेली, मात्र अशा मालिकांच्या लेखकाला आठवड्यागणिक नवे लिहावे लागते. त्या घाईत बोली केवळ हेल काढण्यापुरती उरण्याचा धोका असतो. दुसरीकडे, व्यासपीठावरचा बराच विनोद कागदावर उतरतच नाही. तो सांगणाऱ्याच्या स्मरणात असतो आणि त्याच्याबरोबरच जातो. चरितार्थ चालवून गेलेला हा ठेवा जपायचा, तर कार्यक्रमांच्या संहिता आणि ध्वनिमुद्रणे वेळीच संग्रहित होणे आवश्यक आहे.