नहर-ए-अंबरी

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, मूळचे खडकी) शहराची मध्ययुगीन भूमिगत जलयोजना. गुलाम म्हणून दख्खनेत आणला गेलेला आणि स्वकर्तृत्वाने निजामशाहीच्या वजिरीस पोहोचलेला हबशी मुत्सद्दी मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) याने १६१० मध्ये खडकी वसविल्यानंतर, उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत चिरेबंदी मार्गांत संकलित करून, कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर शहरात खेळविले. मार्गावर ठिकठिकाणी ठेवलेल्या उच्छ्वासांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ उपसणेही सुकर होई. जमिनीची प्रतवारी व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविणारी मलिक अंबरची महसूलपद्धतीही ‘मलिकंबरी धारा’ या नावाने मराठी दप्तरांत रूढ झाली. त्याची कबर खुलताबाद येथे आहे.