पाहुणे काय आणतात, काय नेतात : बर्गनची आठशे वर्षं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. एडिटिंगमध्ये वेळेअभावी कापलेले एक-दोन किस्से इथे परत जोडलेत.

उन्हाळा जवळ आला की हमखास एक प्रश्न येतो : नॉर्वेला चाललोय, तिथे वागायचं कसं? काय चालतं, काय चालत नाही? याच्या याद्या इंटरनेटवर ढिगाने मिळतात. हळू बोला, रांग मोडू नका, कुणाच्या अंगणात शिरू नका. सगळं बरोबर आहे, पण यादी वाचून वाटतं की हे लोक जरा जास्तच शिष्ट असावेत. माझं म्हणणं वेगळं आहे. निदान बर्गन या एका गावापुरतं तरी, पाहुण्यांबद्दलचा सावधपणा स्वभावातून आलेला नाही, अनुभवातून आलाय. आणि तो अनुभव आठशे वर्षांचा आहे.

बर्गन म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. सात डोंगर, मधे खाडी, आणि पाऊस असा की कोकणातला माणूसही म्हणेल, आता पुरे. बाराव्या-तेराव्या शतकात हे नॉर्वेतलं सगळ्यात गजबजलेलं व्यापारी शहर होतं. कारण एकच, सुकवलेला कॉड मासा. उत्तरेकडे लोफोटेनच्या बेटांवर हिवाळ्यात मासा धरायचा, लाकडी मांडवांवर थंड वाऱ्यात टांगून ठेवायचा. मीठ नाही, काही नाही. तो लाकडासारखा कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हा मासा बोटींनी बर्गनला यायचा आणि तिथून युरोपभर जायचा. बदल्यात यायचं धान्य, कारण नॉर्वेच्या जमिनीत सगळ्यांना पुरेल एवढं धान्य पिकतच नव्हतं.

आता ११८६ साल. राजा स्वेरे बर्गनमध्ये आहे. जर्मन व्यापारी जहाजं भरभरून वाइन घेऊन आलेत आणि ती इतकी स्वस्त झालीये की लोक साध्या बिअरसारखी ढोसतायत. दारूवरून मारामाऱ्या, माणसं मेलेली. राजा सभा बोलावतो आणि भाषण करतो. स्वेरेच्या सागामध्ये हे भाषण नोंदवलंय. त्याचा मुद्दा साधा आहे. इंग्लंडहून येणारे गहू, मध, पीठ, कापड आणतात, त्यांचे आभार. इतर बेटांवरून येणारे उपयोगी वस्तू आणतात, त्यांचंही स्वागत. पण हे जर्मन आमचं लोणी आणि सुका मासा घेऊन जातात आणि बदल्यात काय देतात, तर वाइन.

मला हे भाषण फार आवडतं. यात परक्यांचा सरसकट द्वेष नाही. राजा ताळेबंद मांडतोय : तुम्ही आणता काय, नेता काय, आणि तुम्ही गेल्यावर गावात मागे काय उरतं.

राजा बोलला खरा, पण बाजार कुणाच्या भाषणावर चालतो? जर्मन येतच राहिले. पुढच्या शतकात तंटा वाढला, तेव्हा १२८४ मध्ये त्यांनी नॉर्वेची धान्याची वाटच अडवली. देशात उपासमार झाली आणि नॉर्वेला नमतं घ्यावं लागलं. मग साधारण १३६० च्या सुमारास हान्सा या जर्मन व्यापारी शहरांच्या संघाने बर्गनमध्ये आपली कायमची वखार थाटली. वखार म्हटलं की आपल्याला राजापूर, सुरत, वेंगुर्ला आठवतं. ते बरोबरच आहे, प्रकार तोच. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांबद्दल जो इशारा दिलाय, की त्यांनी व्यापाराला यावं-जावं, पण समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये, त्याची किंमत बर्गनकरांना साडेतीनशे वर्षं आधी कळली होती.

ही वखार बंदराच्या पूर्व काठावर होती. त्या भागाला ब्रिगेन म्हणतात, म्हणजे धक्का. पोस्टकार्डावर तुम्ही पाहिलेली लाल-पिवळ्या लाकडी घरांची ओळ ती हीच. आत हजारभर पुरुष राहायचे. लग्नाला बंदी, गावातल्या लोकांत मिसळायला बंदी, कायदा स्वतःचा. आणि उत्तरेकडच्या कोळ्यांशी व्यवहार उधारीवर. यंदा धान्य घेऊन जा, पुढच्या वर्षी मासा आण. मासा कमी पडला की बाकी वहीत चढायची, आणि बाकी असेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जायची सोय नाही. आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. अर्थात दुसरी बाजूही आहे. त्या उधारीमुळेच मासा न मिळालेल्या वर्षीही उत्तरेकडच्या घरात भाकरी असायची. हे नातं निव्वळ लुटीचं होतं असं म्हणून मोकळं होता येत नाही.

पण १४५५ बद्दल मात्र दोन मतं असू नयेत. ओलाफ निल्सन हा बर्गनच्या किल्ल्याचा पूर्वीचा अधिकारी, हान्साचा जुना शत्रू. तो परत आल्यावर वखारीतले लोक शस्त्रं घेऊन त्याच्यामागे लागले. तो खाडीपलीकडे मुंकेलिव्ह मठात लपला. जमाव मठात घुसला. त्यांनी ओलाफला मारलं, बिशप टोरलाइफलाही मारलं, साठेक माणसं कापली आणि मठ पेटवून दिला. पाहुण्यांनी यजमानाच्या देवघरात केलेलं हे काम. आणि त्यानंतर? वखार आणखी तीनशे वर्षं चालली. ती बंद झाली १७५४ मध्ये. धान्य ज्याच्या हातात त्याला गावाबाहेर काढणार कोण?

याच शतकातला एक अगदी उलटा किस्सा सांगतो, कारण तो याच माशाच्या वाटेवरचा आहे. १४३१ मध्ये पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार क्रीटहून फ्लँडर्सकडे निघाला. जहाजात मसाले आणि, योगायोग बघा, वाइन. ६८ माणसं होती. वादळाने जहाज मोडलं आणि छोट्या होडीत हे लोक अटलांटिकमध्ये भरकटत गेले. जानेवारी १४३२ मध्ये लोफोटेनच्या टोकाशी, रॉस्ट बेटाजवळच्या एका निर्जन खडकावर ते लागले. शेवटी ११ जण वाचले. रॉस्टच्या कोळ्यांनी त्यांना शोधलं, घरी नेलं, साधारण चार महिने जेवू घातलं. जेमतेम सव्वाशे वस्तीचं गाव होतं ते.

क्वेरिनी घरी पोचल्यावर सगळं लिहून काढतो. व्हेनिसचा श्रीमंत माणूस, त्याला नाकं मुरडायला भरपूर वाव होता. पण तो लिहितो की हे लोक कुलूप लावत नाहीत, परक्या खलाशांना बायका-मुलींसकट झोपतात त्याच खोलीत झोपवतात, आणि कुणाच्या मनात काही वाईट येत नाही. मासा कसा सुकवतात, कसा कुटून लोण्याबरोबर खातात, हेही तो बारकाईने टिपतो. आज रॉस्टच्या जुन्या आयुष्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं या पाहुण्यामुळे कळतं. त्याच्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं, तरी त्याने नीट बघितलं आणि खरं लिहिलं. रॉस्टवर अजून त्याची आठवण काढतात.

परत ब्रिगेनवर येऊ. आज तिथल्या गल्ल्यांमध्ये गेलात तर सिगारेट, लायटर, काही म्हणजे काही पेटवायचं नाही. हा नियम पर्यटकांसाठी काढलेला नाही. हान्साच्या काळातही राहत्या घरांत चूल नव्हती, दिवा नव्हता, त्या थंडीतसुद्धा. शेकोटी आणि स्वयंपाक मागच्या बाजूला, वेगळ्या सामायिक दालनांत. तरीही १७०२ मध्ये जवळजवळ सगळं शहर जळालं. आज दिसतात ती घरं त्यानंतरची, जुन्याच आराखड्यावर उभारलेली. १९४४ मध्ये बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, त्याचा तडाखा बसला. तेव्हा नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात होता, आणि युद्ध संपल्यावर गावाने या भागाचं जुनं नाव, ‘जर्मन धक्का’, टाकून नुसतं ‘धक्का’ ठेवलं. १९५५ मध्ये पुन्हा आग, मोठा हिस्सा गेला. पण त्या राखेखाली तेरा वर्षं उत्खनन झालं आणि लाकडाच्या तुकड्यांवर कोरलेले सहाशेहून जास्त रूनी लेख सापडले. हिशेब, मालाच्या चिठ्ठ्या, प्रेमाचे निरोप. एकावर एवढंच : गीडा म्हणते, घरी ये. बहुधा गुत्त्यात बसलेल्या नवऱ्याला.

गल्ल्यांमध्ये लोक काम करतात, ही गोष्ट फोटोत दिसत नाही. लाकडी जिन्यांवर, वरच्या सज्ज्यांत कारागिरांच्या खोल्या आहेत. मी तिथे होतो तेव्हा एक बाई दारात काहीतरी शिवत बसल्या होत्या आणि अर्ध्या तासात वीस-पंचवीस जणांनी त्यांना न विचारता फोटो काढला. त्या वर बघतही नव्हत्या. सँडविकेन आणि नॉर्डनेसच्या पांढऱ्या लाकडी घरांच्या बोळांतही हेच. खिडकी रस्त्याला लागून, आत कुणीतरी जेवतंय. बोळ सार्वजनिक आहे, खिडकी नाही.

गाव सोडून डोंगरात गेलात तर मोकळीक खूप. १९५७ च्या कायद्याने पडीक रानावनात कुणीही चालू शकतो, तंबू टाकू शकतो. मात्र राहत्या घरापासून १५० मीटर लांब, एका जागी दोन रात्रींहून जास्त नाही, आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलाजवळ विस्तव नाही. रॉस्टच्या बिनकुलपाच्या दारांचीच ही कायद्यातली आवृत्ती समजा.

आणि आजचे मोठे पाहुणे म्हणजे क्रूझ जहाजं. सुमारे तीन लाखांच्या या शहराने दिवसाला तीन जहाजं आणि ८००० प्रवासी अशी मर्यादा घातली आहे. प्रवासी सकाळी उतरतात, धक्क्यावर गर्दी करतात, जेवायला जहाजावर परत जातात. २०२५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने गर्दीच्या गावांना पर्यटकांकडून ३ टक्के कर घेण्याची मुभा दिली. आपल्याकडचे काही लोक यावर चिडले, आधीच महाग, वर कर! मला तर ते स्वेरेच्या ताळेबंदाचंच पुढचं पान वाटतं. राहणार असाल तर एक रात्र जास्त राहा, गावात जेवा, इतकं साधं करता येतं.

शेवटी एक इंजिनियरी गोष्ट. १९५५ ला जळालेल्या जागेच्या काही भागात पुढे एक हॉटेल बांधलं गेलं, तळघरासकट. तळघर कोरडं राहावं म्हणून पाणी बाहेर काढायची व्यवस्था केली, आणि शेजारच्या ब्रिगेनखालची भूजल पातळी उतरली. त्या जमिनीत शतकानुशतकांचं लाकूड आणि कचरा पाण्याखाली होता म्हणून टिकला होता. हवा लागल्यावर तो कुजायला लागला आणि वरची घरं वर्षाला काही मिलिमीटर खचू लागली. आता घरांच्या मागे गवताचे खोलगट पट्टे आणि पाणी मुरणारी फरसबंदी केली आहे, छपरांवरचं पावसाचं पाणी तिथे सोडून जमिनीत मुरवतात. पातळी बरीच वर आली आहे. तुम्ही गेलात तर ते पट्टे साध्या बागेसारखे दिसतील. तिथे चादर अंथरून बसू नका, खाली काम चालू आहे.